चामड्याचे तळ

बूट दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक आई आणि तिची लग्न झालेली लेक उभ्या होत्या. आईने पिशवीतून बूट काढून काउंटरवर ठेवले.

"दादा, याचे रबराचे तळ काढा आणि चामड्याचे लावा."

"आई, रबराचे डॉक्टरांनी सांगितलेत. घसरू नये म्हणून!"

"म्हणूनच बदलतेय. रबर जमीन सोडत नाही, गिरकी अर्ध्यावर अडकते."

"गिरकी? कुठे घेणार आहेस गिरकी?"

"शनिवारी. जुन्या रॉक अँड रोलच्या ठेक्यावर वाजवणाऱ्या त्या रॉकाबिली बँडच्या कार्यक्रमात."

"ती आजोबांच्या काळातली गाणी?"

"गाणी नवी कोरी आहेत गं, ठेका तेवढा जुना. एक पोरगी स्वतःपेक्षा उंच, व्हायोलिनसारखं दिसणारं बास हे वाद्य उभं धरते, तार ओढून सोडते आणि लगेच वर थाप मारते. त्यात गिटार अशी उसळते की खुर्चीत बसवत नाही. गुडघ्याला विचारायचंही राहून जातं."

"माझ्या सासऱ्यांकडे बघ जरा. संध्याकाळी फिरायला जातात, बस. कुठलं खूळ नाही."

"शहाणा माणूस आहे."

"आणि तू पडलीस म्हणजे?"

"सावरायला जोडीदार आहे की! महिनाभर सराव चाललाय आमचा."

"जोडीदार? कोण?"

"दादा, कालचे ते काळे बूट झाले असतील तर हिच्याकडे द्या. घरी गेलीस की सासऱ्यांना दे, आणि म्हणावं, आज फिरायला येताना हेच घाला."