वैशूच्या नावाच्या बशा

मी मूळची लोणी काळभोरची, लगीन होऊन वाघोलीला आले, मालक लौकर गेले, मग एका संशोधन संस्थेत काचसामान धुवायला लागले. बाटल्या, नळ्या, बशा. एक चंबू फुटू दिला न्हाई, हां! माझ्याकडं समदं उकळून, रिकामं होऊन यायचं. नियम एकच, टबात हाय तेवढंच धुवायचं, फळीवरल्याला हात लावायचा न्हाई.

माझी वैशू तवा बीएस्सीला. तिच्या बरोबरीची पोरं कंप्युटरच्या क्लासला पळत व्हती, आन हिला याड संशोधनाचं. ज्यांच्या घरात कुणी सायन्स शिकलं न्हाई अशा पोरापोरींना उन्हाळ्यात दोन म्हैने संशोधन शिकवायचं आमच्याच संस्थेनं काढलं, त्यात वैशूची निवड झाली. मी बजावलं, बाई गं, हितं मला आई म्हनू नगंस, लोक तुला धुनारनीची लेक म्हनतील. ती म्हनली, म्हनू देत की. मी माझी शपथ घातली, तवा गप बसली.

लोणीहून मामाच्या रानातली माती आनून ती बशांमदी काय काय करायची. मातीचं काम, एवढंच मला ठावं. शेवटी तिला शिकवनाऱ्या मॅडम तिचं काम बघनार आन पुढच्या शिक्षनासाठी शिफारशीची चिठ्ठी देनार. आदल्या सांजेला मला फळीवर बशा दिसल्या, वर वैशूचं नाव, आत हिरवीकाळी बुरशी. अगं बया, पोरगी धुवायची इसरली, उद्या मॅडम काय म्हनतील! काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या कुनाचं नाव असतं तर बोट लावलं नसतं. लेकीचं नाव वाचलं आन समद्या घासून लख्ख केल्या.

ती बुरशीच तिनं दोन म्हैने वाढवली व्हती. सकाळी मॅडमनी इचारलं, कुनी धुतल्या? मी दारातच उभी. नोकरी जाईल म्हनून भ्याले, खोटं कशाला बोलू. वैशूनं एकदा माझ्याकडं बघितलं आन म्हनली, मीच चुकून टबात ठेवल्या मॅडम. मॅडम म्हनल्या, एवढी निष्काळजी मुलगी संशोधनात नको. चिठ्ठी मिळाली न्हाई.

आता वैशू आयटी कंपनीत हाय, धायरीला फ्लॅट घेतलाय, मला सांभाळती. त्यावरनं एका शब्दानं बोलली न्हाई, बोलली असती तर बरं झालं असतं ओ. परवा पावाला बुरशी आली, मी टाकाया निघाले, तर म्हनली, आई, थांब जरा. खिडकीपाशी नेऊन लई येळ बघत बसली. मग स्वतःच उठून कचऱ्यात टाकला आन कामाला गेली. देव तिचं भलं करो. मी मोरीत जाऊन रडले.