बुधवारचा रस्ता

पनवेल स्टँडवर आपट्याच्या एसटीच्या रांगेत हौसाबाई उभी होती. पुढं दोघे फळवाले बोलत होते.

"काश्मीरचं सफरचंद अडकलंय."

"परत बंद?"

"बंद नाही रे. पुलवामा झाल्यापासून भीती बसलीय. निवडणूक उरकेपर्यंत रविवारी अन् बुधवारी हायवे फक्त मिलिट्रीच्या गाड्यांना."

"म्हणजे जवान कोणत्या वारी निघतात, ते सगळ्यांना ठाऊक?"

"पेपरातच आलंय!"

"आणि निवडणुकीनंतर?"

"तिकडचे ड्रायव्हर म्हणतात, याहून वाईट दिवस येणार."

हौसाबाईनं पुढच्याच्या दंडाला हात लावला.

"दादा, वार मोठ्यानं नका बोलू."

"का हो मावशी?"

"माजा पोरगा मिलिट्रीत हाय. या बुधवारी सुट्टीवर निघनार हाय तिथून."

बोलली मात्र, आणि मागं लांबलेल्या रांगेकडं बघत तिनं पदर तोंडावर दाबून धरला.