चाळीस शेअरांची शहाणी वाटणी

शेअरबाजाराचं कौतुक मला सांगू नका हो, मी चांगला पोळलोय. पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझ्या वडिलांनी आणि काकांनी एकाच कंपनीचे चाळीस-चाळीस शेअर घेतलेले. वडील गेल्यावर आम्ही पाच भावंडांनी एका शब्दाचा तंटा न करता आठ-आठ वाटून घेतले, आपापल्या नावावर करून घेतले. अख्ख्या जयगडात आमचं कौतुक!

वर्षभरात कंपनीचं पत्र आलं. जुन्या दहा शेअरांचा आता एक शेअर होणार, दहापेक्षा कमी असतील त्यांना पैसे देऊन मोकळं करणार. म्हणजे आम्ही पाचही जण बाहेर! मी एस.टी. पकडून मुंबईचं ऑफिस गाठलं.

"अहो, आमचे मिळून चाळीस होतात. चार शेअर द्या, आम्ही आपसात बघून घेऊ."

साहेब म्हणाला, "काका, आता तुम्ही भागधारकच नाही."

"आमच्या परड्यातल्या एका फणसात पाच जणांचा हिस्सा आहे. म्हणून 'तुझा फणस संपला' असं कोणी कोणाला म्हणतं का?"

"लहान भागधारकांच्या सोयीसाठीच केलंय हे," म्हणत त्याने चेक पुढे सरकवला.

सोय! मागितली होती कोणी?

तणतणत घरी आलो. काकांचा बंडू ओटीवर बसलेला. काका गेल्यापासून त्या चौघा भावांची कोर्टात केस चाललेली, एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

"तुमच्या शेअरांचं काय झालं रे?"

"काय होणार? अजून बाबांच्याच नावावर आहेत. चाळिसांचे चार झाले," बंडू म्हणाला. "तुम्हाला न भांडण्याची एवढी घाई कशाला झाली होती?"