पडवळाची तालीम

मावशी : थांब, थांब! आधी तो काचेचा टीपॉय सरकव, मग पड.

भाचा : हळू बोल ना, मावशी. काका आत झोपलेत. त्यांना कळलं तर मला पुन्हा घरात पाऊल ठेवू देणार नाहीत.

मावशी : नाहीच देणार. अख्खा जन्म फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकली त्यांनी, आणि तू त्यांच्याच दिवाणखान्यात खोटं पडायला शिकतोयस. हं, पड आता.

भाचा : आई गं! मेलो! ...कसं वाटलं?

मावशी : पाय कुठला धरलायस?

भाचा : उजवा.

मावशी : आणि लाथ कुठल्या पायाला बसलीय असं ठरलं होतं?

भाचा : ...डाव्या.

मावशी : शिवाय हात आभाळाकडे कशाला फेकलेस? माणूस खरंच पडतो ना, तेव्हा हात आधी जमिनीकडे धावतात, दात वाचवायला. माझ्या नाटकाच्या वर्गातली नवखी पोरंसुद्धा याहून बरी पडतात. आणि तुला तर अख्खं स्टेडियम बघतं रे!

भाचा : म्हणून तर आलोय तुझ्याकडे. पेपरवाले मला काय म्हणतात माहितेय? पडवळ!

मावशी : पडवळ? बरं सुचलंय की मेल्यांना.

भाचा : हसू नकोस गं. कोच म्हणाला, एक तर पटेल असं पड, नाहीतर बाकावर बस.

काका : कोच असं म्हणाला?

भाचा : काका! तुम्ही... झोपला नव्हता?

काका : झोपलो होतो. मग वाटलं कुणी कपाट पाडतंय. उठून बघतो तर घरातच फसवणुकीची शिकवणी! आणि मास्तरीण कोण, तर आमचीच बायको!

मावशी : अहो, मी अभिनय शिकवतेय. त्याचा वापर कुठे करायचा ते त्याचं तो बघेल.

काका : वा! चोराला शिडी द्यायची आणि म्हणायचं, मी फक्त सुतारकाम करते.

भाचा : काका, सगळेच पडतात हो. नाही पडलं तर रेफरी शिट्टीच वाजवत नाहीत. तुमच्या लोकांना जमिनीवर पडलेलाच माणूस दिसतो. उभा असलेला दिसत नाही.

काका : आमच्या लोकांना? अरे, एक शिट्टी, दोन डोळे, आणि समोर बावीस नट! कुणाकुणाचं खरं मानायचं?

भाचा : माझं खरं होतं ना, गेल्या रविवारी! हा घोटा बघा. बचावपटूनं सरळ लाथ घातली. रेफरी दोन पावलांवर होता. हसला, आणि म्हणाला, "ऊठ, नाटक पुरे." मला उठताही येत नव्हतं.

काका : ...बघू. इकडे आण पाय. बर्फ लावलास?

भाचा : लावला.

काका : इथे दाबलं तर दुखतंय?

भाचा : आता नाही एवढं.

काका : लांडगा आला रे आला, असं झालंय तुझं. ती चूक तुझी. पण ही शिट्टी वाजायला हवी होती. पंचानं पाय बघायचा असतो, पाठीवरचं नाव नाही. ती चूक आमची.

मावशी : झाला ना निवाडा? आता माझं ऐका दोघेही. रंगमंचावर दारुडा करायचा असला की कच्चा नट झोकांड्या खातो. पक्का नट सरळ चालायची धडपड करतो, आणि ते जमत नाही म्हणून दारुडा वाटतो. तसं तू पडू नकोस. उभं राहायची धडपड कर. जीव तोडून. मग पडलास तर ते खरं दिसेल. अहो, तुम्ही पाय घाला त्याला.

काका : मी? मी पंच होतो!

मावशी : निवृत्त झालात ना? घाला.

काका : हा घे... अरे, अरे, धर! धर मला!

मावशी : बघ, बघ! हात कसे जमिनीकडे गेले! याला म्हणतात पडणं!

काका : हसताय काय दोघं? फाउल आहे हा!

(रविवारी सामना संपल्यावर. भाच्याचा फोन, घरी स्पीकर चालू.)

भाचा : मावशी, बघितलंस?

मावशी : बघितलं म्हणजे? सोफ्यावर उभी होते मी! पण काय रे, पडला का नाहीस? एवढी तालीम केली आपण!

भाचा : अगं, तू सांगितलंस तेच केलं. गोलपाशी पोचलो, त्यानं पाय घातला, मी उभं राहायची धडपड केली. जीव तोडून. आणि राहिलोच की उभा! माझं मलाच खरं वाटेना.

काका : आणि त्यांचा गोलकीपर?

भाचा : त्याला वाटलं, पडवळ पडणारच. तो रेफरीकडे तोंड करून, हात वर करून आधीच ओरडत होता, "नाटक, नाटक!" मागे अख्खं जाळं मोकळं. मी नुसता चेंडू ढकलला.

मावशी : बिचारा! चुकीच्या वेळी चेंडूकडे पाठ!

काका : पंचानं शिट्टी ओठांशी नेली होती. मग खाली घेतली. ते बघितलंस का?

भाचा : नाही, पण नंतर तो माझ्या शेजारून पळाला. गेल्या रविवारचाच रेफरी. म्हणाला, "पाय लागलेला दिसला मला. पडला असतास तर पेनल्टी देणारच होतो."

काका : असं म्हणाला?

भाचा : हो.

काका : मग तू काय म्हणालास?

भाचा : काय म्हणणार? थँक्यू म्हणालो.

काका : पंचाला?

भाचा : हो. का, काका? चुकलं का काही?

काका : नाही रे. मला उभ्या आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं, म्हणून विचारलं.