मातीतल्या माणसाला उठवायचं न्हाई

हलू नका, हवालदारसाहेब — हलू नका म्हणतोय ना! पालथंच पडून राहा, तोंड तेवढं बाजूला करा, हां, नाकात माती गेली तर माझ्या नावानं बोंब माराल. कंबरंत कळ आली? यायचीच. ही मोशीच्या तालमीतली माती हाय, ताक, हळद, तेल पिऊन मऊ झालेली, माणूस लोळला की ठणका ओढून घेती — तुमच्या कंपनीतली फरशी न्हवं. घाई कशाला करता? पाहुणे चार वाजता येणार, आत्ता कुठं ऊन डोक्यावर आलंय. कंपनीचा वर्धापनदिन, सगळे कामगार पांढऱ्या गंजीफ्राकात रांगेनं उभे, पुढं चौथऱ्यावर तुमी, तोंडात शिट्टी — कुठं जात न्हाई तुमचा मान. कालपासनं जो तो सांगतोय, ज्योतीरामकडं न्या, त्याचा हात चांगला हाय. हाय की. दुसरं काय चांगलं ठेवलंय माझं?

वळख लागली न्हाई ना? कालच कळलं मला. स्टोअरातला मालिशवाला, एवढंच ना? अहो, तुमच्या कवायतीत व्हतो मी! तिसरी रांग. नावानं हाक मारायची सवय न्हाई तुमाला — ‘ए, तिसरी रांग, छाती वर!’ — दिघीच्या पलटणीतनं आला आणि आमाला बी पलटणच समजला. आता, कवायत वाईट व्हती असं मी म्हणणार न्हाई. एका शिट्टीवर एवढी माणसं एकदम हात वर करत्यात, एकदम खाली बसत्यात — काटा यायचा राव अंगावर, खोटं कशाला बोलू. पण मी संध्याकाळी वजन मारायचो. जड वजन, चार गडी बघायला थांबतील असं. आमचे आबाजी वस्ताद — ही तालीम त्यांचीच, आता न्हाईत ते — ते म्हणायचे, दोन्ही कर बाबा, चारचौघांत हातपाय हलले पायजेत, पण ज्या दिवशी बार डोक्यावर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी अंग मातीला द्यायचं. आणि वस्तादांनी एकदा अंगावर माती ओढली की त्या गड्याला उठवायचं न्हाई. कुणीच न्हाई. घरनं सांगावा आला तरी न्हाई. त्याचा तो उठल तवा उठल. तालमीचा कायदाच हाय तो.

मग काय झालं? तुमी झाला! चौऱ्याहत्तर साल, जिल्ह्याची वजन उचलायची स्पर्धा चार दिवसांवर, कंपनीकडनं मी उतरणार. आदल्या संध्याकाळी शेवटचं जड वजन मारलं व्हतं, आणि सकाळी हितंच — तुमी पडलाय ना, हितंच — पडलो व्हतो. तुमी आला. बूट घालून ह्या मातीच्या हौदात आला! आणि कानाशी शिट्टी मारली. का, तर मोठे साहेब बघायला येणार, रांगेत एक जागा मोकळी दिसती. वस्ताद आडवे आले, म्हातारा माणूस, हात जोडले त्यांनी. तुमी म्हणाला, एकाचं अंग दुखतं म्हणून रांग थांबत नसती. उठलो मी. नोकरी कच्ची, लग्न ठरलेलं, काय करणार? त्या दिवशी बैठका, दुसऱ्या दिवशी बैठका, तिसऱ्या दिवशी बी. स्पर्धेत बार खांद्यापर्यंत आला आणि कंबरंत आवाज झाला, ओली फांदी मोडावी तसा. उजवा पाय अजून बी बधिर हाय. कंपनीत घण मारायचो, त्या कामावरनं काढलं मला, स्टोअरात बसवलं. आठवत न्हाई म्हणता? न्हाईच आठवणार. तुमाला रांग आठवती.

पण मला तुमचे पाय दिसत व्हते, बरं का. हा आठवडाभर दिवसातनं दोनदा सराव घेतला तुमी, वय काय, मांड्या लटपटत व्हत्या — मला न्हाई दिसणार तर कुणाला? म्हणून तर काल पोरं म्हणाली, साहेब, एकदा बार उचलून दाखवा, मिलिटरीची ताकद बघू द्या. तेवढं बोलायला मीच त्यांना —

बोललो का मी? बरं. बोललो तर बोललो. मीच लावलं बोलायला, प्लेटी बी मीच चढवल्या. वाटलं, जरा हसं होईल लोकांत. न्हाई, ते बी खोटं. बार उचलताना तुमची कंबर भरली, तेच व्हावं वाटत व्हतं, आणि झालं तवा मला घास गोड लागला.

उठू नका! कंबर धरलीय मी. अंगठा कुठं हाय कळतंय ना? हितं दाबलं तर गाठ सुटती, सोडलं तर महिनाभर वाकून चालाल. थांबा, घाबरू नका... हं. सुटली ना? माझा हात खोटं बोलत न्हाई. आता माती ओढतो अंगावर. ही मानंवर, ही पाठीवर. दोन दिवस असं पडून राहिलात तर घोड्यागत पळाल. आज चौथऱ्यावर चढून बैठका मारल्या तर माझ्यागत व्हाल. डोळा लागतोय ना? सगळ्यांचा लागतो.

काय म्हणता? तुमच्या हाताखालचा सोपानराव घेईल कवायत? पाहुण्यांना निरोप धाडू, साहेबांचं अंग दुखतंय म्हणून? तुमीच म्हणताय हे?

ऐका, बँडवाले आले फाटकाशी. तुमचा शर्ट खुंटीला हाय, शिट्टी खिशात... ही बघा. वस्ताद असते तर ह्या हौदात पुन्हा पाय ठेवू दिला नसता मला. हा कायदा मोडणारे आपण दोघंच, साहेब — पहिले तुमी, दुसरा मी. मोडू दे. उठा. अजून पडूनच? ए, तिसरी रांग! छाती वर!