बारा बायांची परवानगी

आमच्या आईच्या व्हिसाचं सांगतो, ऐका. ताई परदेशात, तिला भेटायला आईला जायचं होतं. मी शिरपुरात चार चकरा मारून सातबारा, पासबुक, सगळ्याची जाडजूड फाईल करून दिली. मुलाखतीत साहेबानं विचारलं, "तुम्ही परत याल कशावरून?"

आईनं फाईल उघडलीच नाही! ठणकावून म्हणाली, "बारा बाया मना पापड लाटी ग्यात. आते मले त्यासना घर लाटाले जानं शे!"

बारा जणी हिचे पापड लाटून गेल्या, आता हिला त्यांच्या घरी लाटायला जायचंय, हे दुभाष्यानं समजावल्यावर साहेब हसला आणि व्हिसा मिळाला.

तिकडे महिनाभरातच आईनं बॅग भरली. ताई रडकुंडीला आली, "अगं, सहा महिने राहायची परवानगी आहे!"

आई म्हणाली, "ती साहेबनी दिधी. बारा बायासनी कोठे दिधी?"