धक्क्यावरचा उपद्रव

बोटकंपनीच्या पत्रकानुसार सेंट जॉर्जेस या बेटावरच्या बंदराच्या धक्क्यावरील मसालेवाल्या बायका प्रवाशांना उपद्रव देतात. त्या आधारावर त्यांच्यातल्या व्हर्लिनचा विक्रीचा परवाना आज रद्द व्हायचा होता. उपद्रव म्हणजे काय, हे पत्रकाने सांगितले नव्हते. तो अर्थ निवृत्त मुख्याध्यापिका युडोराबाईंना, बसची वाट पाहताना, शेजारच्या बाकावरून ऐकू आले.

“तक्रार तुमचीच ना, साहेब?” बंदर अधिकारी अलेक्सिस विचारत होता.

“माझीच. बोटीवर प्रवाशांना बंदराची माहिती मी देतो. लोक इथं निवांत दिवस घालवायला उतरतात. ही बाई अंगावर आली.”

“अंगावर?” व्हर्लिन म्हणाली. “अहो, या गुडघ्यांनी मी खुर्चीतून तरी उठते का?”

“ओरडलात तरी.”

“काय ओरडले, तेही सांगा की!”

“गुड मॉर्निंग. पुन्हा पुन्हा.”

“तुम्ही उत्तर देईना, मला वाटलं बहिरे आहात, म्हणून आवाज चढवला! बसमध्ये चढलं तरी आम्ही सगळ्या बसला गुड मॉर्निंग म्हणतो. दिवसभर डेकवर लोळणारी माणसं तेवढ्यानं दमली?”

“मावशी, जरा दम धरा. साहेब, प्रवाशांना तुम्ही काय सांगता?”

“उत्तर देऊ नका, एवढंच. उत्तर दिलं की हे लोक गळ्यात पडतात.”

“कधी पडले?”

साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. नंतरचे त्यांचे उत्तर, एकही शब्द न बदलता:

“ते मला कसं माहीत असणार? इतक्या वर्षांत मी इथं कुणाला उत्तरच दिलेलं नाही.”